रेडियस म्हणतो ३०, पोर्ट बसलाय २० वर. कुणी बघता का?

रॅक_नंबर_तीन (लातूर), सोमवार सकाळी ११:४०

नमस्कार मंडळी. एका इंजिनिअरिंग कॉलेजात नेटवर्क बघतो. नाव नको, लातूरच्या जवळ आहे एवढं पुरे. गुरुवारी आमच्याकडं ऑनलाइन परीक्षा आहे आणि माझी झोप उडालीय.

मांडणी अशी आहे. उबुंटूवर फ्रीरेडियस ३.० (लॉगिन तपासणारा रेडियस सर्व्हर), मागं मायएसक्यूएल डेटाबेस, त्यात कुणाला कोणता व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं पाडलेलं नेटवर्क) द्यायचा त्याची यादी. मजल्यामजल्यावर सिस्कोचे स्विच. विद्यार्थी २०, स्टाफ ३०, प्रिंटर ४०. प्रत्येक पोर्ट मुळात २० वर ठेवलाय, लॉगिन झाल्यावर सर्व्हर सांगेल तो व्हीलॅन लागावा. हे सगळं आधीच्या सरांनी जुळवलं होतं आणि छान चालायचं. ते पुण्याला गेले. मागच्या महिन्यात सर्व्हरची डिस्क गेली. नवीन डिस्कवर मी सगळं परत बसवलं. डेटाबेसचा बॅकअप होता, कॉन्फिगचा नव्हता. (माहितीय. बोलू नका.)

तेव्हापासून स्टाफचं लॉगिन होतं, हिरवी खूण येते, पण मशीन २० मध्येच राहतं. फीचं सॉफ्टवेअर उघडत नाही, मग अकाउंटवाले माझ्या टेबलाशी. गंमत म्हणजे प्रिंटर बरोबर ४० मध्ये जातात. सर्व्हरवर रेडटेस्ट (लॉगिन करून बघायची कमांड) मारलं तर त्याच प्राध्यापकांना ३० मिळतो. म्हणजे सर्व्हर बरोबर आहे ना?

शिवाय काही पोर्ट सकाळी सकाळी ९९ मध्ये दिसतात. डेटाबेसात ९९ कुणालाच दिलेला नाही. तळमजल्याचा १७ नंबरचा पोर्ट तर कायमचा ९९ मध्ये आहे, आणि तिथं कुणी बसतच नाही.

[इथं लॉग होता, काढून टाकलाय]

क्रिम्पिंग_टूल (नांदेड), सोमवार दुपारी १२:०५

भाऊ, आधी तो लॉग काढा. रेडटेस्टची अख्खी ओळ चिकटवलीत, त्यात प्राध्यापकांचा पासवर्ड आणि शेअर्ड सीक्रेट (स्विच आणि सर्व्हरमधला गुप्त शब्द) दोन्ही उघडे दिसलालेत. दोन्ही बदला, मग पुढचं.

आणि सर्व्हर काय म्हणतो ते सोडा, पोर्टला विचारा. शो ऑथेंटिकेशन सेशन्स इंटरफेस, पुढं पोर्टचा नंबर, पुढं डिटेल्स. एक स्टाफचा पोर्ट, एक प्रिंटरचा, एक ९९ वाला. तिन्हीचं इथं टाका.

रॅक_नंबर_तीन, सोमवार दुपारी ३:२०

काढला. सीक्रेट सात स्विचवर बदललं, जेवणाचा डबा तसाच राहिला.

मोबाइलवरून लिहितोय म्हणून मुद्द्याचं तेवढंच:
स्टाफचा पोर्ट: पद्धत डॉटवनएक्स (नाव-पासवर्डानं लॉगिन), स्थिती ऑथराइज्ड, सर्व्हरकडून आलेला व्हीलॅन: काही नाही.
प्रिंटर: पद्धत मॅब (नुसत्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या नंबरावरून ओळख), ऑथराइज्ड, सर्व्हरकडून आलेला व्हीलॅन ४०.
पोर्ट १७: ऑथराइज्ड, पण कुणी केलं याच्यापुढं क्रिटिकल ऑथ असं काहीतरी. व्हीलॅन ९९.

शेंद्रा_शिफ्ट_बी (छत्रपती संभाजीनगर), सोमवार दुपारी ३:४१

सोपं आहे. स्विचवर ट्रिपल-ए ऑथरायझेशन नेटवर्क डिफॉल्ट ग्रुप रेडियस ही ओळ नसणार. ती नसली की लॉगिन होतं पण सर्व्हरनं दिलेला व्हीलॅन स्विच घेतच नाही. आमच्या कंपनीत याच ओळीनं दोन शिफ्ट खाल्ल्या होत्या. टाका आणि मोकळे व्हा.

डावा_कालवा (परभणी), सोमवार संध्याकाळी ५:१०

शेंद्रा दादा, ती ओळ नसती तर प्रिंटरलाही ४० मिळाला नसता. स्विच तोच, ग्रुप तोच. म्हणजे सर्व्हरनं सांगितलं की स्विच ऐकतो. स्टाफच्या बाबतीत सर्व्हर सांगतच नाहीय.

रॅकभाऊ, तुम्हाला फसवलंय ते रेडटेस्टनं. रेडटेस्ट साधा पासवर्ड पाठवतं, त्यात बोगदा नसतो. मॅबचंही तसंच. मॅक पत्ता हेच वापरकर्त्याचं नाव, विनंती सरळ बाहेरच्या सर्व्हरच्या भागात येते, तिथं एसक्यूएल बघितलं जातं, व्हीलॅन उत्तराला जोडला जातो आणि स्विचकडं जातो.

स्टाफचे विंडोज संगणक पीईएपीनं येतात. त्यात आधी एक टीएलएसचा, म्हणजे कुलूपबंद, बोगदा तयार होतो आणि खरं नाव-पासवर्ड त्याच्या आत जातं. आतलं काम फ्रीरेडियसमध्ये वेगळ्या फाइलीत चालतं, तिचं नाव इनर-टनेल. तुमचं एसक्यूएल तिथं ३० काढतं, पण तो ३० आतल्या उत्तराला चिकटतो. बाहेर स्विचकडं जातं ते नुसतं ॲक्सेस-ॲक्सेप्ट. पोरगा पास, पण कोणत्या वर्गात बसायचं ते कुणी सांगितलंच नाही. मग तो आपला २० मध्ये.

नव्यानं बसवलेल्या फ्रीरेडियसमध्ये हे असंच असतं, आतलं बाहेर आपोआप जात नाही. तुमच्या सरांनी ते उघडून ठेवलेलं असणार, डिस्कबरोबर गेलं.

खात्री करायची तर सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावा, यूडीपी १८१२ वर, आणि शेवटच्या ॲक्सेप्टमध्ये तीन गोष्टी शोधा. टनेल-टाइप १३, टनेल-मीडियम-टाइप ६, आणि टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडी मध्ये ३०. तिन्ही एकत्र लागतात. एक जरी नसली तर व्हीलॅन लागेल असं धरून चालू नका.

पहिल्या_वर्षाचा (जालना), सोमवार संध्याकाळी ५:३३

मधेच विचारतो, माफ करा. मी सीसीएनए शिकतोय. पोर्ट तर स्विचचा आहे, मग व्हीलॅन सर्व्हरनं का सांगायचा? स्विचवरच टाकून द्यायचा ना.

डावा_कालवा, सोमवार संध्याकाळी ६:०२

टाकता येतो. पण मग माणूस टेबल बदलला की तुम्ही कॉन्फिग बदलायला पळायचं.

कालव्याचं बघ. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या परभणीपर्यंत येतो. पाणी सगळ्यांचं एकच, पण कोणत्या चारीत कधी सोडायचं त्याची यादी ऑफिसात असते. दार उचलतो तो पाटकरी. यादी म्हणजे रेडियस, पाटकरी म्हणजे स्विच. ऑफिसातून चिठ्ठी निघते, 'या शेतकऱ्याला ३० नंबरच्या चारीतून पाणी'. पाटकरी चिठ्ठीप्रमाणं दार उचलतो. त्याला शेतकरी ओळखता येत नाही आणि यादीही पाठ नाही.

रॅकभाऊंच्या ऑफिसात चिठ्ठी लिहिली गेली, पण आतल्या लिफाफ्यात राहिली. पाटकऱ्याच्या हातात बाहेरचा कोरा लिफाफा.

क्रिम्पिंग_टूल, सोमवार संध्याकाळी ६:१५

ताई, क्लास काढा. लातुरात काढा, चालतंय.

रॅक_नंबर_तीन, सोमवार रात्री ९:४८

टीसीपीडम्प बघितला. प्रिंटरच्या ॲक्सेप्टमध्ये तिन्ही गोष्टी आहेत. स्टाफच्या ॲक्सेप्टमध्ये टनेल नावाचं अक्षरही नाही. ताई, अगदी तुम्ही म्हणालात तसं.

आता उघडायचं कसं? नेटवर दोन उपाय दिसलाले. एक, ईएपीच्या फाइलीत यूज टनेल्ड रिप्लाय याला येस करायचं. दुसरा, इनर-टनेलमध्ये काहीतरी.

डावा_कालवा, सोमवार रात्री १०:२०

दुसरा करा. पहिला जुना आहे, चालतो, पण फ्रीरेडियसवाले स्वतःच फाइलीतल्या टिपेत दुसरा करा म्हणतात. इनर-टनेलच्या फाइलीत पोस्ट-ऑथचा भाग शोधा. तिथं इफ आणि कंसात शून्य असं आहे. शून्याचा एक करायचा. त्या कंसाआड आतलं उत्तर बाहेरच्या सेशन-स्टेटमध्ये नेण्याची ओळ आधीच लिहून ठेवलेली आहे, फक्त बंद आहे. बाहेरच्या डिफॉल्ट फाइलीच्या पोस्ट-ऑथमध्ये सेशन-स्टेटमधलं उत्तरात घेण्याची ओळ असते, ती कुणी काढली नाही ना तेवढं बघा.

मग सेवा थांबवून फ्रीरेडियस -एक्स नं चालवा आणि एकाच संगणकानं लॉगिन करा. सगळ्या कॉलेजाला घेऊन डीबग बघू नका, डोळे जातील.

रॅक_नंबर_तीन, सोमवार रात्री ११:३१

झालं!!! शून्याचा एक. महिनाभर अकाउंटवाल्यांच्या शिव्या, आणि बदल एका अक्षराचा. एचओडींच्या संगणकाला ३० मिळाला, फीचं सॉफ्टवेअर उघडलं. (रात्री अकरा वाजता त्यांच्या केबिनमध्ये काय करतोस म्हणून वॉचमन मामांनी विचारलं, ते वेगळं.)

साधं_सरळ (बीड), मंगळवार सकाळी ८:५०

मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कॉलेजाला हे सगळं कशाला पाहिजे? स्टाफरूमचे पोर्ट ३०, लॅबचे २०, हातानं लिहा. विषय संपला. सर्व्हर बंद पडला तरी नेट चालू. एक माणूस सात स्विच बघतोय आणि त्याच्या गळ्यात रेडियस, एसक्यूएल, सर्टिफिकेट एवढं अडकवायचं?

क्रिम्पिंग_टूल, मंगळवार सकाळी ९:१०

आमच्या एका ग्राहकाकडं असंच हातानं लिहिलेलं होतं. पोरांनी स्टाफरूमची केबल काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावली आणि थेट फीच्या सर्व्हरसमोर. व्हीलॅन पोर्टला बांधला की जो केबल लावेल तो स्टाफ.

साधं_सरळ, मंगळवार सकाळी ९:१८

ते मान्य. पण बॅकअपशिवाय चालवायचं असेल तर माझं तेच म्हणणं.

डावा_कालवा, मंगळवार सकाळी ९:३०

त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि ते ९९ च्या भानगडीशी जुळतं. रॅकभाऊ, एक सांगा. ज्या सकाळी पोर्ट ९९ मध्ये दिसतात, त्याच्या आदल्या रात्री लाईट गेलेली असते का?

रॅक_नंबर_तीन, मंगळवार सकाळी ९:५५

आमच्याकडं लाईट कोणत्या रात्री जात नाही ते विचारा. पण हो... रविवारी रात्री वारं सुटलं, दोन तास लाईट नव्हती. सोमवारी सकाळी ९९ मध्ये चौदा पोर्ट होते. सर्व्हरच्या यूपीएसच्या बॅटऱ्या फुगल्यात, मागणी लावलीय, मंजुरी यायचीय. तुम्हाला कसं कळलं?

डावा_कालवा, मंगळवार सकाळी १०:२४

पोर्ट १७ वर 'क्रिटिकल' लिहिलंय ना. सरांनी स्विचवर एक ओळ लिहून ठेवलीय, सर्व्हर मेला तर पोर्ट ९९ मध्ये टाक. चांगली ओळ आहे, साधं सरळ दादांना हवी तीच सोय. सर्व्हर नसला तरी माणूस अडकत नाही.

आता लाईट आल्यावर काय होतं बघा. स्विच आणि सर्व्हर एकदमच सुरू होतात. स्विच आधी उठतो. संगणक लॉगिन मागतो, स्विच रेडियसला विचारतो. बदललं नसेल तर ५ सेकंद वाट, वर ३ वेळा परत प्रयत्न. सर्व्हरचं मायएसक्यूएल अजून डोळे चोळतंय. स्विच ठरवतो की सर्व्हर मेला, आणि पोर्ट ९९ मध्ये. दोन-चार मिनिटांनी सर्व्हर उठतो, पण पोर्ट तिथंच बसून राहतो, कारण त्याला उठवणारी ओळ वेगळी आहे. ऑथेंटिकेशन इव्हेंट सर्व्हर अलाइव्ह ॲक्शन रीइनिशियलाइझ. ती प्रत्येक पोर्टवर आहे का बघा.

रॅक_नंबर_तीन, मंगळवार सकाळी १०:४०

डेडची ओळ सगळीकडं आहे. अलाइव्हची ओळ तीन स्विचवर आहे, चारवर नाही. त्या चारवरचेच पोर्ट ९९ मध्ये अडकतात!

शेंद्रा_शिफ्ट_बी, मंगळवार सकाळी ११:१५

टाका, पण दोन गोष्टी. एक, स्विचला सर्व्हर उठलाय हे कळायला हवं. रेडियस सर्व्हरच्या व्याख्येत ऑटोमेट-टेस्टर लावा, म्हणजे स्विच खोट्या नावानं अधूनमधून विचारत राहतो आणि उत्तर आलं, अगदी नकार आला तरी, सर्व्हर जिवंत धरतो. दोन, सर्व्हर उठल्या उठल्या लॅबचे साठ संगणक एकदम दार वाजवतील, म्हणून क्रिटिकल रिकव्हरीचा डिले थोडा वाढवा. नाहीतर उठलेला सर्व्हर परत झोपतो. आमच्याकडं झोपला होता.

आणि परवा परीक्षा आहे ना? मग ९९ मधून परीक्षेच्या सर्व्हरपर्यंत वाट आहे का ते आजच बघा.

क्रिम्पिंग_टूल, मंगळवार सकाळी ११:३०

वाट द्या पण तेवढीच. ९९ मध्ये जो येतो त्याला कुणी ओळखलेलंच नसतं. सर्व्हर मेल्यावर जो केबल लावेल तो आत. तिथून फीचा सर्व्हर दिसला तर एवढा सगळा खटाटोप कशाला केला?

रॅक_नंबर_तीन, मंगळवार दुपारी ४:१०

ओळी टाकल्या. ९९ ला एसीएल लावली, परीक्षेचा सर्व्हर, डीएनएस आणि डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटणारा) एवढंच उघडं. रेडियस मुद्दाम बंद करून एका लॅबचा स्विच बंद-चालू केला. सगळे ९९ मध्ये गेले, परीक्षेचं पान उघडलं. रेडियस चालू केला, थोड्या वेळानं एकेक करून आपापल्या जागी. बघत उभं राहावं असं वाटलं.

आता नवीन इमारत. तिथं स्टाफला व्हीलॅन ३० लागतो, पोर्टवर दिसतो, पण पत्ता १६९.२५४ नं सुरू होणारा येतो. काल २० मध्ये होते तेव्हा निदान नेट तरी होतं. म्हणजे मी सुधारलं म्हणून बिघडलं.

डावा_कालवा, मंगळवार दुपारी ४:३०

१६९.२५४ म्हणजे डीएचसीपीचं उत्तरच आलं नाही, संगणकानं स्वतःच पत्ता लावून घेतला. चारी खोदली, वरचं दार बंद आहे. शो इंटरफेसेस ट्रंक बघा, दोन्ही टोकांना (ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन नेणारी दोन स्विचमधली जोडणी). ३० त्या ट्रंकवर परवानगीत नसणार, कारण तिथं आजवर ३० मध्ये कुणी गेलंच नव्हतं. परवानगी देताना ॲड हा शब्द विसरू नका. विसरलात तर ३० सोडून बाकी सगळे व्हीलॅन निघून जातील.

रॅक_नंबर_तीन, मंगळवार संध्याकाळी ५:२५

ताई, तुमचं उत्तर मी आत्ता वाचलं. एक तास उशिरा.

क्रिम्पिंग_टूल, मंगळवार संध्याकाळी ५:२७

काय करलालाव हो भाऊ.

रॅक_नंबर_तीन, मंगळवार संध्याकाळी ६:४०

ट्रंक मीही शोधला होता, स्वतःच. स्वतःच ओळही मारली. ॲडशिवाय. एंटर दाबला आणि एसएसएच (दुरून स्विचवर केलेलं लॉगिन) जागीच गोठलं. मॅनेजमेंटचा व्हीलॅनही त्याच ट्रंकवरून येतो. प्राचार्यांचा फोन यायच्या आत पळत नव्या इमारतीत गेलो. नशीब म्हणजे कॉन्फिग सेव्ह केलं नव्हतं. प्लग काढला, लावला, जुनं परत आलं. मग ॲडसकट ओळ मारली. आता ३० मध्ये पत्ता मिळतो.

शेंद्रा_शिफ्ट_बी, मंगळवार संध्याकाळी ७:०५

असल्या ओळीच्या आधी रिलोड इन १० मारत जा. जमलं तर रिलोड कॅन्सल. हात कापला गेला तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप जुन्या कॉन्फिगवर. चहा पिऊन होतो तेवढ्यात.

पहिल्या_वर्षाचा, मंगळवार रात्री ८:१२

अजून एक शंका. प्रिंटर मॅबनं येतो असं म्हणालात. आमच्या लॅबमध्ये प्रिंटर चालू केला की बराच वेळ पत्ताच मिळत नाही, नंतर हातानं बंद-चालू करावा लागतो. हा पण व्हीलॅनचाच प्रकार का?

डावा_कालवा, मंगळवार रात्री ८:५०

वाट बघण्याचा प्रकार. स्विच आधी डॉटवनएक्स विचारतो. प्रिंटरला ते येत नाही, तो गप्प. सिस्कोवर मूळ सेटिंग ३० सेकंदांचं, एकूण तीनदा विचारतो, म्हणजे दीड मिनिटानं मॅबवर येतो. तोवर प्रिंटर डीएचसीपी मागून थकलेला. ही वेळ, म्हणजे टीएक्स-पीरियड, १० करा, अर्ध्या मिनिटात काम होतं. अगदी २-३ वर आणू नका, मग सावकाश उठणारे विंडोज संगणकही मॅबमध्ये पडतात.

रॅक_नंबर_तीन, गुरुवार संध्याकाळी ६:३०

परीक्षा झाली. साडेअकराला लाईट गेली, जनरेटर लागायला मिनिटभर. स्विच पडले, उठले, सगळे ९९ मध्ये, पेपर चालू राहिला, मग हळूहळू २० मध्ये. व्हीलॅन बदलल्यावर पोरांच्या संगणकाला नवा पत्ता घ्यावा लागला, पाच-सहा जणांना पान परत उघडावं लागलं, उत्तरं गेली नाहीत. पर्यवेक्षकांना काही कळलंसुद्धा नाही.

एकच संगणक शेवटपर्यंत लॉगिन होईना. सर्व्हरचं सर्टिफिकेट मान्यच करेना. बघतो तर त्याची तारीख २००९. मदरबोर्डचा सेल गेलेला, लाईट गेली की तारीख मागं जाते, आणि २००९ मध्ये आमचं सर्टिफिकेट जन्मलेलंच नाही. तारीख लावली, चालला. सेल उद्या आणतो.

डावा_कालवा, गुरुवार संध्याकाळी ७:००

छान. आणि तो पोर्ट १७?

रॅक_नंबर_तीन, गुरुवार संध्याकाळी ७:२२

सांगायचंच राहिलं. मंगळवारी अलाइव्हची ओळ टाकल्यावर तो ९९ मधून निघाला आणि थेट अनऑथराइज्ड. आज दुपारी वॉचमन मामा आले, म्हणाले, साहेब दोन दिवस झाले, केबिनमध्ये मॅच दिसंना. केबल शोधत गेलो तर त्यांच्या टीव्हीच्या डब्यात. कधीतरी लाईट गेलेल्या रात्री लावली असणार, ९९ मध्ये शिरला आणि तिथंच राहिला.

क्रिम्पिंग_टूल, गुरुवार संध्याकाळी ७:२५

मग आता?

रॅक_नंबर_तीन, गुरुवार संध्याकाळी ७:४०

मामांनी रात्री अकरा वाजता मला केबिन उघडून दिली होती. डब्याचा मॅक डेटाबेसात टाकलाय. वेगळा व्हीलॅन, ५०, फक्त इंटरनेट. ट्रंकवर ॲड लिहून.